दानांगच्या मातीतील डायॉक्सिन

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी वायुदलाने १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली. त्यांतील सर्वाधिक वापरले गेलेले मिश्रण पिंपावरील नारिंगी पट्ट्यामुळे ‘एजंट ऑरेंज’ या नावाने ओळखले जाते. २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन रसायने त्यात समप्रमाणात होती. यांपैकी पहिले आजही भारतात तणनाशक म्हणून विकले जाते. खरा घात केला तो दुसऱ्याने, कारण ते तयार होताना टीसीडीडी हे डायॉक्सिन वर्गातील अत्यंत विषारी द्रव्य नकळत निर्माण होत असे.

फवारलेल्या जंगलांपेक्षा, जेथून विमाने उडाली ते तळच युद्धानंतर अधिक दूषित राहिले. पानांवर पडलेले डायॉक्सिन उन्हात बऱ्याच अंशी विघटित होते. मात्र दानांग, बिएन होआ आणि फू काट या हवाई तळांवर पिंपे साठवताना, रसायन विमानांत भरताना आणि विमाने धुताना जे सांडले, ते जमिनीत मुरले आणि उन्हापासून दूर दशकानुदशके टिकून राहिले. डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते मातीच्या कणांना घट्ट चिकटते. म्हणून पावसाबरोबर वाहून जाणारा गाळ हेच त्याचे वाहन ठरते. दानांग तळावरील गाळ शेजारच्या सेन तलावात उतरला, तेथून डायॉक्सिन माशांच्या चरबीत आणि ते मासे खाणाऱ्या माणसांच्या रक्तात व आईच्या दुधात पोहोचले. मानवी शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सात ते अकरा वर्षे लागतात.

अशी माती धुऊन स्वच्छ होत नाही. दानांग येथे २०१२ मध्ये अमेरिका आणि व्हिएतनाम यांच्या सरकारांनी संयुक्तपणे काम सुरू केले, तेव्हा दूषित माती व गाळ उपसून चहूबाजूंनी बंद केलेल्या एका प्रचंड काँक्रीटच्या कोठडीत भरण्यात आला. त्यात उभ्या खोवलेल्या विद्युत तापकांनी संपूर्ण ढीग किमान ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला. या तापमानाला डायॉक्सिनचे बहुतांश रेणू जागीच मोडतात. उरलेली वाफ खेचून, थंड करून, गाळून घेतली जाते. दोन फेऱ्यांत सुमारे ९०,००० घनमीटर माती अशी भाजून निघाली आणि २०१८ मध्ये काम संपले. फू काट येथे प्रमाण कमी असल्याने तेथील दूषित माती २०१२ मध्येच सुरक्षित भरावात बंदिस्त केली गेली.

बिएन होआचे आव्हान याहून कितीतरी मोठे आहे. हो ची मिन्ह शहराजवळच्या या तळावर सुमारे पाच लाख घनमीटर माती हाताळावी लागणार आहे. तेथील काम २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते किमान दहा वर्षे चालेल असा अंदाज होता. परंतु २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा उपसलेली माती तशीच सोडून काम काही काळ थांबवावे लागले. नंतर ते पुन्हा सुरू झाले. अर्धवट उघडलेली दूषित जमीन न खोदलेल्या जमिनीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण पहिल्याच मोठ्या पावसात तिचा गाळ दोंग नाय नदीच्या दिशेने वाहू शकतो. म्हणून बिएन होआसारख्या कामाचा निधी दरवर्षीच्या राजकीय मर्जीवर न सोडता, शेवटचा ढीग तापवून होईपर्यंतच्या संपूर्ण मुदतीसाठी आधीच बांधून ठेवला पाहिजे.