टेस्टची किल्ली टेस्टपुरतीच

आजचा प्रश्न: डिजिटल सही तपासणाऱ्या ऑटोमेटेड टेस्टसाठी किल्ली कुठली वापरायची?

रिलीजची खरी किल्ली तर नाहीच. ती टेस्ट सर्व्हरवरून चोरीला गेली, तर चोराच्या सॉफ्टवेअरवरही तुमचीच सही दिसेल. मग एक नकली किल्ली बनवून कोडसोबत ठेवायची? आम्ही तेच केलं होतं. दोन वर्षांनी तिची मुदत संपली आणि एका सकाळी, कोडमध्ये काहीही न बदलता, सगळ्या टेस्ट लाल!

त्यापेक्षा दर वेळी नवी किल्ली बनवा. जीपीजी वापरत असाल तर आधी एक तात्पुरतं फोल्डर करा, त्याला परवानगी ७०० द्या आणि त्याचा पत्ता जीएनयूपीजीहोम या व्हेरिएबलमध्ये टाका. म्हणजे तुमच्या खऱ्या किल्ल्यांना धक्का लागत नाही. किल्ली बॅच मोडमध्ये, रिकाम्या पासफ्रेजने बनवा. नाहीतर टेस्ट पासफ्रेजची वाट बघत बसेल. आणि हो, फोल्डरचा पत्ता छोटा ठेवा. कंटेनरमध्ये जीपीजी एजंटचं सॉकेट बहुधा त्याच फोल्डरमध्ये बनतं, आणि लिनक्सवर सॉकेटच्या पत्त्याला १०८ बाइटची मर्यादा आहे.

शेवटी एजंट बंद करा, फोल्डर पुसून टाका. चोरीला जायला किंवा मुदत संपायला मागे किल्लीच उरत नाही.