रेडॉन, घरकुल आणि ग्रामसभेचा निधी

पश्चिम विदर्भाची जमीन काळ्या बेसाल्टची. पूर्व गडचिरोलीत मात्र प्राचीन ग्रॅनाइट-नाइस आहे. अशा खडकांत युरेनियम तुलनेने अधिक असते. त्याच्या विघटनातून रेडॉन हा रंग-गंधहीन वायू निर्माण होतो. अनेक देशांत धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील हवेसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली.

कवेलूंच्या फटींतून हा वायू निघून जातो. बंदिस्त सिमेंटच्या घरकुलात साचू शकतो. म्हणून आधी मोजणी, मग जमिनीच्या भेगा बुजवणे आणि समोरासमोर जाळीच्या खिडक्या.

पैसा? पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो. त्यात आरोग्याचा समावेश आहे आणि खर्च ग्रामसभा ठरवते. मोजणीचा ठराव तिथेच व्हावा, भिंती उभ्या राहण्याआधी.