एका मिनिटात २५ हजार बुकिंग

३० जुलै २०२२, शनिवार, सकाळचे ११. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं. पहिल्या मिनिटात २५ हजार आणि अर्ध्या तासात एक लाखाच्या वर नोंदी झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. गाडी बनते चाकणला, पण त्या सकाळचा सगळा भार सर्व्हरवर होता. पहिल्या २५ हजार गिऱ्हाइकांनाच सुरुवातीची किंमत मिळणार होती आणि २१ हजार रुपये भरून नंबर लावायचा होता. त्यामुळे अकराच्या ठोक्याला झुंबड उडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मिनिटाला २५ हजार म्हणजे सेकंदाला साधारण ४१७. आकडा फार मोठा वाटत नाही. पण ही झाली पार पडलेली बुकिंग. प्रत्येक बुकिंगमागे पान उघडणं, ओटीपी, मॉडेल निवडणं, डीलर निवडणं, पैसे भरणं अशा पायऱ्या असतात. शिवाय नुसते बघे असतात आणि पान अडकलं की दहा वेळा रिफ्रेश मारणारेही असतात. या गर्दीची तालीम आधी झालेली नसली तर काय होतं, ते राज्याने त्याच्या आदल्या वर्षीच पाहिलं होतं. १६ जुलै २०२१ ला दुपारी एकला दहावीचा निकाल लागला आणि निकालाच्या साइट तासन्‌तास उघडेनात.

या तालमीला लोड टेस्टिंग म्हणतात. हिंजवडी-तळवड्याच्या आयटी कंपन्यांत हे नेहमीचं काम आहे. स्कॉर्पिओसारखीच एखादी बुकिंग साइट तपासायची आहे, असं धरून चालू. गिऱ्हाईक काय काय करतं याची स्क्रिप्ट लिहायची आणि जेमीटर किंवा लोकस्टसारख्या साधनाने तिच्या हजारो प्रती एकदम पळवायच्या. नवखा टेस्टर हे आपल्या लॅपटॉपवरून करतो, दोन हजार थ्रेड, म्हणजे तितकी आभासी गिऱ्हाइकं, लावतो, एरर दिसायला लागल्या की ‘सर्व्हर बसला’ असा मेल टाकतो. बऱ्याचदा बसलेला असतो तो लॅपटॉप.

का, ते हिशेबानेच कळतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला आपल्या मशीनचा एक पोर्ट लागतो. लिनक्सवर त्यासाठी मूळ सेटिंगमध्ये ३२७६८ ते ६०९९९ ही रांग राखलेली असते, म्हणजे २८,२३२ पोर्ट. जोडणी आपल्या बाजूने बंद केली की तो पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो. तेवढ्या वेळात त्याच सर्व्हरच्या त्याच पोर्टकडे जायला तो सहसा वापरता येत नाही. २८,२३२ ला ६० ने भागा: सेकंदाला फार तर ४७० नव्या जोडण्या. आपल्याला ४१७ बुकिंगच्या मागची सगळी वर्दळ उभी करायची आहे आणि दर खऱ्या गिऱ्हाइकाची जोडणी नवीनच असते. घोडं इथेच अडतं. सेटिंग बदलून थोडं पुढे सरकता येतं, पण मग नेटवर्क आडवं येतं. एक गिगाबिटच्या लाइनवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट येतात. पान दोन मेगाबाइटचं असेल तर साठेक पानांतच ती भरली.

त्याहून फसवी गोष्ट वेगळीच आहे. ऑफिसमधली सगळी मशीनं बाहेर एकाच पत्त्याने दिसतात. समोरच्या फायरवॉलला वाटतं, एकच माणूस धिंगाणा घालतोय, आणि ती दार लावते. किंवा लोड बॅलन्सर पत्ता बघून काम वाटणारा असेल, तर सगळी गर्दी दहापैकी एकाच सर्व्हरवर जाते आणि उरलेले नऊ रिकामे बसतात.

म्हणून मशीनं अनेक लागतात आणि त्यांचे पत्तेही वेगवेगळे हवेत. ती आज क्लाउडवर तासाच्या भाड्याने मिळतात. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर तर २०१५ पासून पुण्यातच आहे. रचना साधी: एक कंट्रोलर, बाकीचे वर्कर. कंट्रोलर स्वतः भार टाकत नाही. तो स्क्रिप्ट वाटतो, ‘सुरू’ म्हणतो आणि निकाल गोळा करतो.

आता ग्यानबाची मेख. जेमीटरमध्ये ३०० थ्रेड लिहिले आणि सहा वर्कर जोडले, तर एकूण १,८०० होतात, कारण प्रत्येक वर्कर पूर्ण योजना चालवतो. लोकस्टमध्ये एकूण आकडा द्यायचा, वाटणी तो स्वतः करतो. एकाची सवय घेऊन दुसऱ्याकडे गेलात तर भार सहापट तरी होतो, नाहीतर सहावा हिस्सा. जेमीटर स्क्रिप्ट पाठवतो, पण गिऱ्हाइकांच्या यादीची फाइल पाठवत नाही; ती प्रत्येक वर्करवर आपणच ठेवायची, आणि तीही तुकडे करून. एकच यादी सगळीकडे ठेवली तर तोच मोबाईल नंबर सहा ठिकाणांहून लॉगिन करतो. मग ज्या चुका दिसतात, त्या आपल्याच हाताने पेरलेल्या असतात.

चाचणीच्या बाकावर गाडी चढवून चारही चाकांखालून हायड्रॉलिक दांड्यांनी हादरे देतात, तेव्हा चारही दांडे एका तालात नसले तर रस्त्याची नक्कल होत नाही. इथेही तसंच. वर्करची घड्याळं आधी जुळवायची. एखादं दोन सेकंद मागे असेल, तर अकराच्या ठोक्याची लाट पसरट होते आणि सर्व्हर आहे त्यापेक्षा दणकट दिसतो.

माझ्या मते भार टाकणं सोपं आहे, मोजणं अवघड. समजा चार वर्कर आहेत. तिघांवर ९५ टक्के उत्तरं ४०० मिलिसेकंदांच्या आत आली, चौथ्यावर सहा सेकंदांच्या आत. चौघांची सरासरी काढली की १.८ सेकंद येते आणि अहवालात ती शोभूनही दिसते. पण तो आकडा कशाचाच नाही. सगळ्या मशीनच्या मूळ नोंदी एकत्र करायच्या आणि त्यावरून ९५ टक्क्यांची रेषा काढायची. शिवाय चौथाच का रेंगाळला, हे आधी बघायचं. त्याचा स्वतःचा सीपीयू शंभर टक्क्यांना टेकला असेल तर त्याची नोंद बादच.

आणखी एक. नेहमीच्या स्क्रिप्टमध्ये आभासी गिऱ्हाईक उत्तर आल्यावरच पुढची विनंती करतं. सर्व्हर मंदावला की विनंत्याही कमी होतात. म्हणजे ताण वाढायला हवा तिथेच चाचणी मवाळ होते. खरी गर्दी अशी समजूतदार नसते. म्हणून ‘इतके युजर’ असं सांगण्याऐवजी ‘सेकंदाला इतके नवे येणार’ असं ठरवून चालवावं, उत्तर येवो वा न येवो.

आधी भार हळूहळू चढवत न्यायचा आणि उत्तराचा वेळ एकदम उसळी कुठे घेतो ते टिपायचं. मग वेगळ्या फेरीत सगळी लाट एकदम सोडायची. ‘गर्दी झाली की क्लाउड आपोआप सर्व्हर वाढवेल’ हे आश्वासन इथे तपासलं जातं. नवा सर्व्हर उभा राहायला बहुधा काही मिनिटं लागतात, आणि स्कॉर्पिओचे पहिले २५ हजार तर एका मिनिटात संपले होते. अशा वेळी सर्व्हर आधीच वाढवून ठेवतात किंवा दारात टोकन देऊन रांग लावतात.

हे सगळं साइटच्या मालकाच्या लेखी परवानगीने. क्लाउडवाल्यांचेही नियम असतात, तेही वाचायचे. परवानगीशिवाय हेच काम माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं आणि बदहेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पेमेंट गेटवे बँकेचा, म्हणून त्याच्या जागी नकली उत्तर देणारा प्रोग्रॅम बसवतात. पैसे भरायला खरोखर लागतात तेवढे सेकंद त्यालाही थांबायला लावायचं. आणि चाचणीपुरती ओटीपीची एसएमएस सेवा तोडून ठेवायची. यादीतले दहा आकडी नंबर आपण मनाने रचलेले असले, तरी त्यातले कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या खिशात वाजतात.