मोठे आकडे मुलांना दाण्यांनी शिकवा



घरातल्या चौथी-पाचवीच्या मुलाला 'एक लाख पाच' लिहायला सांगून पाहा. पुष्कळ मुले आधी लाख लिहितात, पुढे पाच जोडतात आणि आकडा १०,००,००५ असा होऊन बसतो. ऐकले तसे लिहिले! खरा आकडा १,००,००५. एक शून्य जास्त पडले की लाखाचे दहा लाख होतात. वहीत ही चूक एका गुणाची. पण घरात शिकलेले म्हणून आपण पीककर्जाचे कागद आणि बाजारातली पट्टी याच मुलांच्या हाती देतो. तिथे ती महागात पडते.

पुण्याचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. विधवा व अनाथ मुलींसाठी काढलेला आश्रम त्यांनी १९०० साली हिंगण्याला नेला. दिवसा कॉलेज, मग तिथवर पायी. पुढे १९३६ साली खेड्यांतून प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापले.

हिंगण्याची सुरुवात रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीवर आणि झोपडीसाठीच्या ७५० रुपयांवर झाली. कर्व्यांनीच काढलेल्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले. हे दोन आकडे मुलाकडून एकाखाली एक लिहून घ्या:

७५०
१५,००,०००

दोन्हींत ५ आहे. वरचा ५ दशकाच्या घरात, म्हणून पन्नास. खालचा लाखाच्या घरात, म्हणून पाच लाख. अंक तोच, किंमत घराची. डावीकडे एक घर सरकले की किंमत दहापट.

ही दहापट डोळ्यांना दिसावी म्हणून मूठभर गहू घ्या. मुलाला दहा-दहा दाण्यांच्या ढिगाऱ्या करू द्या. दहा ढिगाऱ्यांचे शंभर, दहा शंभरांचे हजार. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम भरते. जातीप्रमाणे थोडे कमी-जास्त. यापुढे मोजायचे नाही, तोलायचे:

दहा हजार दाणे – ४०० ग्रॅम
एक लाख – ४ किलो
दहा लाख – ४० किलो
एक कोटी – ४ क्विंटल
दहा कोटी – ४० क्विंटल
एक अब्ज – ४०० क्विंटल

बागायती गव्हाला एकरी ४० किलो बियाणे लागते. म्हणजे एका एकरात आपण दहा लाख दाणे पेरतो! आणि अब्ज दाणे न्यायला दहा टनी चार ट्रक लागतील.

आता घरे आखून लिहायला लावा. उजवीकडून सुरुवात: एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लाख, दशलाख, कोटी, दशकोटी, अब्ज. स्वल्पविराम उजवीकडून पहिल्या तीन अंकांनंतर, पुढे दोन-दोन अंकांनंतर. ज्या घरात काही नाही तिथे शून्य बसवायचेच. ते घर मोकळे सोडले तर डावीकडचे सगळे अंक एक पायरी खाली घसरतात.

सरावाला धरणाचे पाणी घ्या. कर्वेनगरच्या कडेने वाहणाऱ्या मुठेवर वरच्या अंगाला खडकवासला धरण आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९.१५ टीएमसी पाणी साठवतात. पुणे शहर त्यावर पाणी पिते, आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती त्याच्याच कालव्यावर आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. तेव्हा हा साठा झाला २९,१५,००,००,००० घनफूट. वाचायचे एकोणतीस अब्ज पंधरा कोटी.

आपल्या धरणाचा आकडा वर्तमानपत्रात येईल तेव्हा तो मुलाकडून असाच लिहून घ्या आणि मोठ्याने वाचून घ्या. पुढच्या वेळी पट्टी आली की तीही त्याच्यापुढे ठेवा. रोज पाच मिनिटे पुरतात.