खांदेमळणी

श्रावणी अमावास्येस पोळा. त्याच्या आदल्या सायंकाळी खांदेमळणी. कोमट पाण्याने बैलाचा खांदा शेकावयाचा, तूप व हळद चोळावयाची, आणि उद्या जेवावयास येण्याचे त्यास आमंत्रण द्यावयाचे, असा परिपाठ आहे.

या कृतज्ञतेत व्यवहारही आहे. पेरणी व कोळपणी उरकून बैल नुकतेच मोकळे झालेले असतात. पावसाने भिजलेले कातडे नरम पडते. त्यावर खडबडीत जू घासले, किंवा जोडीतील एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असला, म्हणजे खांदा सुजतो. आरंभी ही सूज केसांखाली दिसत नाही. हातास मात्र कढत लागते व दाबताच बैल अंग चोरतो. अशा बैलास जुंपू नये. विश्रांती हेच पहिले औषध. जखम असल्यास गुरांच्या डॉक्टरास दाखवावे व जू तासून गुळगुळीत करून घ्यावे. रब्बीच्या मशागतीपूर्वी धन्याने स्वहस्ते खांदा चाचपावा, ही योजना ज्याने केली तो मोठा जाणता खराच.

आमच्या घरी एके वर्षी हे काम मजकडे आले. मी घाईने हळद फासली व उठलो. पोळ्यास बैल झूल घालून मिरवला, आणि आठ दिवसांनी जुवाखाली बसला. खांद्यात पू झाला होता. ती रब्बी आम्ही शेजाऱ्याची जोडी मागून पेरली. वडील मला रागावले नाहीत. पण पुढे तुपाची वाटी त्यांनी कोणाच्याच हाती दिली नाही.