थंड इंजिन, सकाळी सात

सकाळी ६:३०
इंदूरच्या कृष्णपुऱ्याचा पूल ओलांडतो. होळकरांच्या छत्र्यांच्या कळसांवर कोवळं ऊन आलंय, पोह्यांच्या कढईभोवती माणसं जमलीत. मी थांबत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला कुणी किल्ली लावायच्या आत मला पोचायचं असतं. डिझेल इंजिनाचं दुखणं थंडपणीच कळतं. तापलं की ते लपतं.

७:००
२०१० सालची फियाट लिनिया. किल्ली फिरवली. तीन सेकंद पुढच्या बाजूला साखळी खडखडली, मग शांत झाली. टायमिंग चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब चढेपर्यंत सैल साखळी कव्हरच्या आत आपटते.

काका, म्हणजे गाडीचे मालक, शेजारीच उभे. निवृत्त शिक्षक. "कंपनीनं इथं गाड्या विकणं थांबवलं. आता हिला वाली कोण रे?"

"काका, हिची भावंडं गावभर फिरतायत. तुम्ही काळजी करू नका."

८:३०
ही समजूत काढायची म्हणून बोललो नव्हतो. फियाट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून बांधलेलं हे १,२४८ सीसीचं इंजिन २००३ मध्ये पोलंडच्या बिएल्स्को-बियावा इथल्या कारखान्यातून बाहेर पडलं. फियाटनं त्याला मल्टिजेट म्हटलं, ओपेलनं सीडीटीआय, सुझुकीनं डीडीआयएस, टाटांनी क्वाड्राजेट. भारतात ते मानेसरला बनलं आणि पुण्याजवळ रांजणगावलाही. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच. नवं इंजिन घडवणं आणि प्रदूषणाच्या चाचण्यांतून पार करणं फार खर्चाचं. तो भार वाटून घेतला, म्हणून छोट्या गाडीलाही उत्तम डिझेल परवडलं.

१०:००
ऑइलचा चेंबर उतरवला. तळाशी डांबरासारखा काळा गाळ. ऑइल वेळेवर बदललेलं नाही. क्रँक आणि कॅम पिना घालून जागच्या जागी अडकवले, मगच टायमिंग कव्हर काढून साखळीला हात लावला. इथं एक दात इकडचा तिकडे झाला, तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात.

दुपारी १२:३०
सुट्या भागांच्या दुकानात लिनियाचा किट नाही. मी स्विफ्ट डिझेलचा मागितला. जुनी साखळी काउंटरवर पसरून कड्या मोजल्या, चक्राचे दात मोजले, टेन्शनर शेजारी ठेवून पाहिला. सगळं जुळलं.

सगळंच असं जुळत नाही. इंजिनाचे माउंटिंग, वायरिंग, संगणक प्रत्येक गाडीचे निराळे. टर्बोही एक नाही: ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाला साधा, ९० च्या इंजिनाला पात्यांचा कोन बदलणारा. शिकाऊ असताना मी एका गाडीत दुसरा इंजेक्टर बसवला आणि त्याचा कोड संगणकात भरला नाही. गाडी थरथरत परत आली. तेव्हापासून माझा नियम एकच: नातं ठाऊक असलं तरी मोजून घ्यायचं.

२:३०
टॅक्सीची डिझायर. काळा धूर, ताकद कमी. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला बाटल्या लावून इंजिन चालवलं. तिसरी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली. तोच इंजेक्टर गळतोय. या इंजिनाची खरी करामत इंजेक्टरांतच आहे. एका आवर्तनात डिझेल एकदम न ओतता पाच फवाऱ्यांपर्यंत विभागता येतं. मुख्य फवाऱ्याआधी थेंबभर डिझेल पेटतं, दाब हळू चढतो आणि जुन्या डिझेलची ती ठकठक उरत नाही.

४:३०
लिनियाला नवी साखळी चढली. पिना काढण्याआधी खुणा तपासल्या. पिना काढून क्रँक हातानं दोन फेरे फिरवला, खुणा पुन्हा पाहिल्या. हाताशी असलेल्या पोराला म्हणालो, "तूही बघ. माझ्यावर विसंबू नकोस." त्यानं बघितलं आणि मान हलवली.

६:३०
नवं ऑइल भरलं. जुनं गाळून पिंपात, झाकण घट्ट. आमच्या दारावरून जाणारी कान्ह नदी पुढे उज्जैनला क्षिप्रेला मिळते. एक वाटी काळं ऑइलसुद्धा तिच्यात जाता कामा नये.

इंजिन सुरू केलं. आवाज एकसारखा. काका हसले, खिशात हात घातला. मी म्हणालो, "आज नाही. गाडी रात्रभर इथंच राहू द्या."

रात्री ८:००
१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं. मारुतीनं डिझेलच सोडलं आणि या इंजिनाची सद्दी आपल्याकडे संपली. आता जी आहेत ती एकमेकांच्या डब्यांतल्या भागांवर जगतील, आणि हे नातं ओळखणाऱ्या हातांवर. म्हणून रोज त्या पोराला एक गाडी उघडून दाखवतो आणि बॉनेटवरचं नाव विसरायला सांगतो.

शटर ओढलं. लिनियाची किल्ली खुंटीला. इंजिन आता निवत जाईल. उद्या सकाळी सातला किल्ली तो फिरवेल. मी शेजारी उभा राहून ऐकेन.