अंग आंबलंय की ठणकतंय?

जळगावात मेहरूण तलावाच्या काठाने पहाटे पळायला जावं आणि माणसं एकमेकांना काय सांगतात ते ऐकावं. कुणी म्हणतं, "अंग पार आंबून गेलंय भो." कुणाच्या पोटरीत काल गोळा आलेला असतो, तर कुणाची नडगी ठणकत असते. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर, तयारी चार-पाच महिन्यांची. त्या काळात शरीरात काय चालतं हे वाचत गेलो, तसा या तीन साध्या शब्दांपुढेच मी थक्क झालो. आंबणं, गोळा येणं आणि ठणकणं या आतल्या तीन अगदी निरनिराळ्या घडामोडी आहेत आणि आपल्या बोलण्याने त्या कधीच्याच वेगळ्या करून ठेवल्या आहेत.

धुळ्याजवळचा लळिंग घाट पळत उतरून पाहा. चढताना छातीचा भाता होतो, उतरताना मात्र काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो! उतारावर मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो. त्या ओढाताणीत त्याच्या बारीक तंतूंना इजा होते, मग दुरुस्ती सुरू होते, आणि तिचं दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. आंबणं म्हटलं की आत काही आंबट साचलं असावं असं वाटतं. लॅक्टिक आम्लाने अंग दुखतं, असं शास्त्रही बराच काळ सांगत होतं. पण पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात ते लॅक्टेट रक्तातून निवळलेलं असतं. शिवाय तो कचरा नव्हेच, आपलं हृदय तेच इंधन म्हणून जाळतं. शब्दाने सुचवलेलं कारण चुकलं, पण दुखण्याची ओळख पक्की निघाली. आणखी नवल म्हणजे काही आठवड्यांनी तोच उतार पुन्हा उतरला, तर स्नायू कितीतरी कमी दुखतात.

गोळा येतो तो बहुतेकदा थकलेल्या स्नायूला नसेकडून 'आवळ' हा हुकूम मिळतच राहतो म्हणून. पाय ताणून धरला की तो सुटतो. गोळ्यावर केळं हा आपल्याकडचा हमखास सल्ला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान मलाही आहे. पण केळ्यातलं पोटॅशियम गोळा थांबवतं याला भक्कम पुरावा नाही. पळणाऱ्याला त्यातली साखर खरी उपयोगी पडते, कारण स्नायूंतला तिचा साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तळाला जातो.

दम हे चौथं बोलणं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी माणसाला फक्त विचारलं, किती कष्ट वाटतात? उत्तरासाठी ६ ते २० अशी पट्टी दिली. माणूस १३ म्हणाला, तर त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १३०च्या जवळपास निघतात! बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पळाले आणि एकोणिसावे आले. ठोके मोजणारं मनगटी घड्याळ निघायला तेव्हा साठेक वर्षं अवकाश होता, हाताशी होता तो दमच.

पण दमावर एका बाबतीत विसंबू नये. सरावाने रक्त आणि हृदय काही आठवड्यांतच सुधारतात. हाडाची चाल वेगळी. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते सतत पाडलं आणि बांधलं जात असतं. पळण्याचा भार वाढला की आधी खोदणाऱ्या पेशी येतात आणि दोन-चार आठवड्यांत जुना भाग पोखरतात. मागून येणाऱ्या भरणाऱ्या पेशींना तीन-चार महिने लागतात. म्हणजे मजबूत होण्याच्या वाटेवर हाड मधला काही काळ चक्क नाजूक असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत छाती म्हणत असते, अजून पळ. ठणकणं येतं ते इथून. आंबलेली मांडी दाखवताना माणूस अख्खा तळहात फिरवतो. दुखावलेलं हाड दाखवायला त्याला एक बोट पुरतं. बोट पुन्हा पुन्हा त्याच जागी गेलं आणि रात्री आडवं पडल्यावरही तिथे ठणकत राहिलं, तर पळणं त्या दिवशीच थांबवावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

खान्देशात याच्या जोडीला उन्हाळा. पळताना खर्च झालेल्या ऊर्जेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बसतो. ती बाहेर काढायला कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत, आणि एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आमच्या कोरड्या वाऱ्यात तो इतका झटकन वाळतो की बनियन फारसा भिजत नाही आणि घाम आलाच नाही असं वाटतं. म्हणून पळण्याआधी आणि नंतर काट्यावर उभं राहावं, किलोभर घट म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. उलट घोटामागून घोट पाणी पीत सुटणंही बरं नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा खाली उतरलेलं होतं, आणि त्यातल्या अनेकांचं वजन पळून वाढलं होतं.

या उन्हालाही शरीर दहा-चौदा दिवसांत सरावतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, आणि घामाची ग्रंथी जाता जाता मीठ परत आत ओढून घ्यायला शिकते. मार्चच्या पहिल्या उन्हात पळून आल्यावर टोपी दोरीवर वाळत घातली, की तिच्या काठावर मिठाची पांढरी रेघ उमटते. पंधरवड्याने तीच टोपी हातात घेऊन पाहिली, रेघ बरीच पुसट झाली होती.